समाजमंदिरात चेंडू आला तर बिघडले कुठे?

वस्तीतल्या समाजमंदिराला वर्षातले किती दिवस कुलूप असते, हे एकदा मोजून पाहावे. 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर, वर्षावासातले ग्रंथवाचन, पोलिओचा बूथ, मतदान केंद्र आणि हंगामातली लग्ने. हे सगळे धरले तरी बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून अधिक संध्याकाळी तो हॉल अंधारात असतो. त्याच वेळी बाहेर गल्लीत पोरे दोन विटांचा गोल करून उभ्या केलेल्या मोटारसायकलींमधून चेंडू काढत असतात. चेंडू गटारात जातो, कुणाच्या तरी दारावर आदळतो, शिव्या पडतात, खेळ मोडतो. पावसाळ्यात तोही नाही. आणि विदर्भातल्या मे महिन्यात संध्याकाळी सहालासुद्धा जमीन तापलेलीच असते.

आमचे म्हणणे साधे आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी हा हॉल पाच-पाच जणांच्या फुटबॉलसाठी उघडावा. फक्त पोरांसाठी नव्हे, पोरींसाठी आणि चाळिशी ओलांडलेल्या बाप्यांसाठीही.

छपराखालचा हा खेळ काही कालचा नाही. 1930 साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या मुलांसाठी तो बसवला. जागा बास्केटबॉलच्या कोर्टाएवढी, एका बाजूला पाच खेळाडू. आज त्याला फुटसाल म्हणतात आणि 1989 पासून त्याचा विश्वचषकही होतो. त्याचा चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान, चार नंबरचा असतो आणि मुद्दाम कमी उसळी घेणारा बनवलेला असतो. हॉलच्या काचा आणि ट्यूबलाइट ज्यांना प्रिय आहेत त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आमचा हॉल कोर्टाएवढा कुठे आहे, असे कुणी म्हणेल. बेघर लोकांची जी जागतिक फुटबॉल स्पर्धा 2003 पासून भरते, तिचे मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते, म्हणजे साधारण 72 फूट बाय 52 फूट. एका बाजूला चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. आपला हॉल त्याहून लहान असेल तर तीन-तीन जण खेळावेत. जागा लहान झाली की खेळ सोपा होत नाही, उलट दमछाक वाढते. मोठ्या मैदानावर बावीस जणांत एक चेंडू, त्यामुळे कच्चा खेळाडू अर्धा तास नुसता उभा राहू शकतो. हॉलमध्ये चेंडू दर काही सेकंदांनी पायाशी येतोच. पळा, थांबा, वळा, पुन्हा पळा. शिकणाऱ्या मुलाला आणि पोट सुटलेल्या माणसाला, दोघांनाही हेच हवे असते.

मोठ्यांसाठी किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेचे 2020 चे मार्गदर्शन असे की आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, किंवा 75 ते 150 मिनिटे जोराचा. आता हिशेब करू. एक तासाचा खेळ, पंधरा जण आले, दहा आत आणि पाच बाहेर, आळीपाळीने. प्रत्येकाच्या वाट्याला 40 मिनिटे येतात. आठवड्यातून दोनदा म्हणजे 80 मिनिटे, आणि तीही जोराची. मुलांना मात्र रोज सरासरी 60 मिनिटे लागतात, त्यामुळे त्यांची गरज दोन संध्याकाळींत भागणार नाही. शाळेत पायी जाणे, खोखो, लंगडी हे चालूच राहिले पाहिजे.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठात पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर, लहान संघांचा फुटबॉल खेळायला लावला. तीन महिन्यांच्या आसपास त्यांचा रक्तदाब उतरला, चरबी कमी झाली, दम वाढला. नुसते धावणाऱ्यांशीही त्यांची तुलना केली, तेव्हा फुटबॉलवाले मागे पडले नाहीत. आमच्या मते यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. एकटा माणूस पहाटे चालायला निघतो आणि पंधरा दिवसांत घरी बसतो. चार दोस्त दारात हाका मारत उभे असतील तर त्याला यावेच लागते. दिवसभर रिक्षा चालवणारा, वॉचमनची ड्युटी करणारा, दुकानात उभा राहणारा माणूस 'माझे कष्टाचे काम आहे, मला व्यायाम कशाला' असे म्हणतो, आणि पन्नाशीच्या आत बीपीची गोळी सुरू होते. थकणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सावधगिरीचे बोलू, कारण आरोग्याच्या पानावर नुसते 'खेळा' म्हणून चालणार नाही.

सिकलसेलचा प्रश्न आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, घराघरांतला आहे. खेळ सुरू करण्याआधी मुलामुलींची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. जो फक्त वाहक आहे त्याने घाबरू नये, तो खेळू शकतो. पण त्याने जोर हळूहळू वाढवावा, मध्ये मध्ये पाणी प्यावे आणि उकाड्यात उपाशी-तहानलेले एकदम धावू नये. ज्याला आजारच आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. जास्त दम आणि पाणी कमी पडणे यातून दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला घरी मात्र बसवू नका. शिट्टी त्याच्या हातात द्या, गोल मोजायला सांगा, डॉक्टर हो म्हणाले तर हलका खेळ खेळू द्या.

बीपी किंवा साखर असलेल्यांनी आधी तपासून घ्यावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी खेळू नये, खिशात गूळ-साखर ठेवावी आणि अनवाणी तर अजिबात खेळू नये, कारण पायाची जखम त्याला लवकर कळत नाही. छातीत दाबल्यासारखे वाटले किंवा हात भरून आला, तर 'हा डाव संपू दे' म्हणायचे नाही, तिथेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल त्याने आधी थुंकी तपासावी. बंद हॉलमध्ये सगळ्यांचा श्वास एकच असतो, म्हणून खिडक्या उघड्याच ठेवाव्यात.

हॉलमध्ये दुखापत होते ती बहुधा फरशीने नाहीतर भिंतीने. स्टडचे बूट नकोत, सपाट रबरी तळाचे हवेत. फरशी कोरडी असावी. घसरून चेंडू काढणे बंद, भिंतीजवळ ढकलणे बंद, कमरेच्या वर चेंडू गेला की फाउल. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करण्यात घालवावीत, मुले ती नेहमी टाळतात. आणि ज्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे, त्या बाजूला गोल करू नये.

यावरून एक आक्षेप हमखास येईल. वंदना होते तिथे लाथाळीचा खेळ कसा? जिथे वंदनेचे दालन वेगळे आहे तिथे प्रश्नच नाही. जिथे एकच हॉल आहे तिथे वंदनेची वेळ सोडून खेळावे आणि नंतर फरशी पुसावी. लग्नात त्याच हॉलमध्ये डीजे लागतो, तेव्हा कुणी हा आक्षेप घेतलेला आम्ही ऐकला नाही. खरी अडचण अभ्यासिकेची आहे. जिथे स्पर्धा परीक्षेची मुले हॉलमध्ये बसतात, तिथे चेंडूसाठी त्यांना उठवू नये. तिथे रविवारची सकाळ पुरे.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. गल्लीत, टर्फवर, मैदानावर जागा आधी मुलगे घेतात आणि उरली तर मुलींना मिळते. टर्फला तर तासाचे भाडे पडते, आणि घरात पैसे काढायचे झाले तर ते मुलाच्या हातावर पडतात. हॉल आपला आहे, म्हणून क्रम उलटा लावता येतो. अंधार पडायच्या आतली, पाच ते साडेसहाची वेळ मुलींची ठरवावी, नंतरची मुलांची, शेवटची मोठ्यांची. एखादी आई किंवा मावशी तिथे बसली की घरचेही निर्धास्त राहतात. पाळीत खेळू नये असे काही नाही, मुलीला बरे वाटत असेल तर तिने खेळावे. अंगात रक्त कमी असेल तर मात्र आधी त्याचे औषध आणि जेवण पाहावे.

नागपूरचे उदाहरण आपल्याला दूरचे नाही. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तिथली पोरे त्याच बेघरांच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. नागराज मंजुळे यांचा 2022 चा 'झुंड' त्यावरूनच निघाला. चित्रपट आपल्यातल्या अनेकांनी पाहिला, टाळ्याही वाजवल्या. पण आपापल्या वस्तीत चेंडू किती जणांनी आणला?

खर्च म्हणाल तर एक चेंडू, एक शिट्टी, दोन रंगांचे जुने टी-शर्ट, प्रथमोपचाराची पेटी आणि दोन तासांची वीज. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. पहिला महिना फक्त मंगळवार आणि शुक्रवार ठेवून पाहावे, येणाऱ्यांची नावे वहीत लिहावीत, मुलींची आधी. मोठ्यांचा बीपी पहिल्या दिवशी आशाताईंच्या ओळखीने आरोग्य केंद्रात मोजून घ्यावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. आकडा उतरला की नाही ते त्याच वहीत लिहून ठेवावे.