आडनाव आणि डिपॉझिट

विसरवाडीच्या नाक्यावरनं एक रस्ता नवापूर-सुरतेकडे जातो, एक धुळ्याकडे, एक खांडबाऱ्यावरून नंदुरबारला. जून-जुलैत पोरं इथूनच एस्टीत चढतात. पत्र्याची पेटी गेली, पाठीवर बॅग आली. बाकी तेच. बारावी झाली, अ‍ॅडमिशन झाली, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. मग नाशकात, पुण्यात खोली शोधा.

खोली असते. दारावर पाटी असते. फोनवर 'या' म्हणतात. गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. आडनाव काय? वळवी, वसावे म्हटलं की, 'म्हणजे कोण?' कांबळे म्हटलं तर तेवढाही प्रश्न नाही, खोली आत्ताच गेलेली असते. काही मालक सुधारलेले. ते जात विचारत नाहीत, मटण खाता का ते विचारतात.

हाच रस्ता सुरतेवरून पुढे बडोद्याला जातो. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब तिथं नोकरीवर रुजू झाले. गावात त्यांना खोली नव्हती. रोजचा दीड रुपया मोजून ते पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिले. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन दारात. भाडं थकलं नव्हतं बरं का! गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. आणि २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका हाउसिंग सोसायटीचा 'फक्त पारशीच सभासद' हा पोटनियम वैध ठरवला. आमचा राग पारशांवर नाही. सोसायटी कुणाचीही असो, कुलूप तेच.

आता पैशाचं बोलू. वसतिगृहात न मावलेल्यांसाठी सरकारनं २०१६ पासून योजना काढल्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार, आदिवासींना स्वयम्. तेव्हा ठरलेला आकडा पुण्या-मुंबईसाठी वर्षाला साठ हजार. त्यात राहण्याचे वीस हजार, म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. एवढ्यात पुण्यात स्वतंत्र खोली दाखवा, आम्ही तुमच्या पाया पडतो. शिवाय डिपॉझिट आधी लागतं, सरकारी पैसा मागनं येतो. मधल्या महिन्यांत बाप शेळ्या विकतो आणि एका खोलीत सहाजण आळीपाळीनं झोपतात.

कायदा आहे, तो पाठ करून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. भाड्याचा असो की लिव्ह-लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'अकराच महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' ही निव्वळ थाप. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल तुम्ही सांगाल ते खरं धरलं जातं, मालक उलटं सिद्ध करीपर्यंत. म्हणून पैसे रोख देऊ नका, पावती मागा, पहिल्या दिवशी भिंतींचे फोटो काढून ठेवा. वर्षाअखेरी रंगकामाच्या नावानं डिपॉझिट गिळायची रीत जुनी आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच आहे, पण राज्य तो स्वीकारत नाही तोवर तो कागदच.

पण दोस्तहो, कलम ५५ दार उघडल्यावर कामाला येतं. दारच उघडलं नाही तर?

म्हणून आमचं भांडण रोख रकमेशी आहे. सरकार खात्यावर पैसे टाकून हात झटकतं आणि पोराला एकट्याला मालकाच्या उंबऱ्यावर उभं करतं. बडोद्यातून हाकलला गेलेला माणूस आठ वर्षांनी काय करतो? १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभा सोलापुरात वसतिगृह काढते. त्याच्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी तीच वाट धरली होती. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारच्या खोल्यांत रात्र-रात्र वाद घातले म्हणून १९७२ ला पँथर उभी राहिली. सुट्या सुट्या खोल्यांत विखुरलेली पोरं भाड्याचा हिशेब करतात, मोर्चा काढत नाहीत. हे सरकारला कळत नसेल, असं आम्हाला वाटत नाही.

ज्या ज्या दारावर नकार मिळाला त्याची तारीख, गल्ली आणि मालकाचे शब्द लिहून आमच्याकडे पाठवा. वळवीनं पाठवा, कांबळेनं पाठवा. ही यादी घेऊन आपण समाजकल्याण आणि आदिवासी विकास, दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी जाणार आहोत. मागणी एकच: अर्ज केलेल्या प्रत्येकाला वसतिगृहात खाट, आणि ती मिळेपर्यंत डिपॉझिट सरकारनं भरायचं.