पास्त्याला पाणी

युद्ध महाग पडतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण नेमकं कितीला पडतं ते कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिल नावाच्या कंपनीने मात्र १९७४ साली चक्क दरपत्रकच लावून ठेवलं. ‘राइज अँड डिक्लाइन ऑफ द थर्ड राइक’ असं भारदस्त नाव असलेला तो पटावरचा खेळ. त्यात बड्या राष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारायचं तर ३५ गुण, किरकोळ राष्ट्राविरुद्ध १०, आणि एखाद्या आघाडीवर जोरदार चढाई करायची तर १५. जर्मनीने सुरुवातीला १५० गुणांची पिशवी घेऊन बाजाराला निघायचं. हे दर वाचताना मला उडप्याच्या हॉटेलातला फळा आठवतो. फरक इतकाच, की उडपी निदान ‘आज रवा डोसा नाही’ असं खडूने लिहितो तरी. इथे पैसे टाका आणि पोलंड घ्या!

आता असे खेळ पटावरून उठून संगणकात जाऊन बसले आहेत. ते खेळल्याने मुलांना अर्थशास्त्र कळतं, युद्धातली टंचाई समजते, असं म्हणणारी शिकलीसवरलेली माणसं मला वरचेवर भेटतात. त्यांत आमचा पुतण्या पहिला. “काका, तुम्हाला वाटतं आम्ही नुसती ढिशांव ढिशांव करतो. यात सगळं पुरवठ्याचं गणित असतं!” असं तो मला सुनावतो. गणित असतं हे मला मान्य आहे. माझं भांडण त्या गणिताशीच आहे. हे खेळ टंचाई शिकवत नाहीत. टंचाई म्हणजे सरकारी कागदावरचा एक लाल आकडा असतो, एवढंच शिकवतात. आणि तो लाल आकडा कोणाच्या ताटात पडतो, हे लपवतात.

पुतण्याचा लाडका खेळ म्हणजे ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’. तो स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीने २०१६ साली काढला. युद्धात एवढंसंही अंग न घातलेल्या देशात दुसऱ्या महायुद्धाचा इतका बारीक हिशेब मांडायला माणसांना सवड मिळाली, यात नवल नाही. हा खेळ बाजारात आला तेव्हा त्यात सहा जिन्नस मोजले जात : तेल, ॲल्युमिनियम, रबर, टंगस्टन, पोलाद आणि क्रोमियम. नीट वाचा पुन्हा. सगळ्या जगाचं युद्ध, आणि सहा जिन्नसांत धान्य नाही! ज्या घरात गहू मोजायच्या आधी टंगस्टन मोजतात, त्या घरात जेवायला कोण जाईल?

जिन्नस कमी पडला की काय होतं? तर कारखान्याला टक्क्यांत दंड बसतो. रणगाडे निघायचे थांबत नाहीत, जरा सावकाश निघतात. बाहेरून माल आणायचा असला, तर आपला एक मुलकी कारखाना गुंतवला की आठ नग मिळतात. लोकांच्या कपड्यालत्त्यासाठी काही कारखाने बाजूला ठेवावे लागतात. पण १५० राजकीय गुण मोजून ‘युद्धकालीन अर्थव्यवस्था’ असा कायदा केला की तो वाटाही आटतो. पुतण्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून हा कायदा केला, तेव्हा मी सहज विचारलं, “अरे, मग त्या लोकांनी नेसायचं काय?” तो म्हणाला, “ते असं दाखवत नाहीत काका.” आणि त्याने रशियात रणगाडे घातले. माझा आक्षेप या एका वाक्यात मावतो. ते असं दाखवत नाहीत.

दाखवण्याचा प्रयत्न एकाने केला, तर सारं जग त्याला आजतागायत हसतंय. १९७९ साली रिचर्ड बर्ग नावाच्या गृहस्थाने ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा खेळ रचला. दहा फूट लांबीचा नकाशा, दीड हजारांवर सोंगट्या आणि खेळ पुरा व्हायला सुमारे १५०० तास. दर रविवारी चार तास बसलं तरी सात वर्षं झाली. उत्तर आफ्रिकेतलं खरं युद्ध १९४० च्या जूनमध्ये सुरू होऊन १९४३ च्या मेमध्ये उरकलं होतं. या खेळात पेट्रोलची वाफ होऊन किती उडालं तेही लिहून ठेवायचं, आणि ब्रिटिशांचं जास्त उडवायचं, कारण त्यांची पिंपं जर्मन डब्यांइतकी पक्की नव्हती. सर्वांत गाजलेला नियम मात्र पास्त्याचा. इटालियन पलटणींना पास्ता शिजवायला पाण्याचा जादा वाटा द्यायचा. तो दिला नाही तर पलटणीची घडी विस्कटते.

या नियमावर लोक चाळीस-पंचेचाळीस वर्षं खो खो हसताहेत. इटालियन शिपाई खरं तर डब्यातल्या टोमॅटोच्या रसातच पास्ता शिजवत, हे खुद्द बर्ग यांनीच पुढे सांगून टाकलं. म्हणजे नियम गमतीचा. असेना! माझं मत विचाराल तर युद्धाच्या खेळांतला तोच सर्वांत शहाणा नियम आहे. शिपाई हा पोट असलेला प्राणी आहे, त्या पोटाला सवयी आहेत, आणि सेनापतीने आधी पाण्याचं बघावं, मग कैरोचं, हे त्या एका नियमाला कळलं. उद्या कोकणातली पलटण वाळवंटात नेलीत आणि भाताऐवजी रोज पाव दिलात, तर तिसऱ्या दिवशी काय होईल ते टंगस्टन मोजणाऱ्याला कळणार नाही. पास्ता मोजणाऱ्याला कळेल.

पुतण्या म्हणतो, “काका, धान्य घातलं तरी काय फरक पडणार? आणखी एक टक्केवारी वाढेल.” बरोबर बोलला. माझा पुढचा वाद टक्केवारीशीच आहे. खेळात पाच टक्के दंड बसला तर खेळणारा कूसही बदलत नाही. पाच टक्के म्हणजे काय, रुपयातले पाच पैसे!

आता बंगाल बघा. १९४२ साली जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या, फोडून टाकल्या. युद्धाच्या खर्चाने भाव चढले, साठे दडले, प्रांतांनी आपापल्या वेशी बंद केल्या. कलकत्त्यातल्या युद्धोपयोगी कामगारांना धान्य आधी मिळेल अशी सोय झाली. आणि १९४३ साली दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाखांच्या घरात धरला. नंतरचे अनेक अभ्यासक तो २० ते ३० लाखांपर्यंत नेतात. आणि तांदूळ किती कमी होता? अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या पुस्तकात हिशेब मांडला, की त्या वर्षीचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी होता. १९४१ पेक्षा तर तो जास्तच होता. सेन यांच्या आकड्यांवर वाद घालणारे विद्वान आहेत, पण मुद्दा आता कोणी सहसा नाकारत नाही : उणीव प्रत्येकाच्या ताटातून पाच-पाच टक्के कापली जात नाही. ज्याच्या खिशात दाम आहे त्याचं ताट भरलेलंच राहतं, आणि शेतमजूर, कोळी, नावाडी यांची ताटं पुरती रिकामी होतात. टंचाईला सरासरी कळत नाही. तिला फक्त रांगेतला शेवटचा माणूस कळतो.

असा शेवटचा माणूस कुठल्याही खेळात सोंगटी म्हणून नाही. साठेबाजही नाही, हे त्याहून आश्चर्य. आपल्याकडे टंचाईची बातमी सरकारला कळण्याआधी नाक्यावरच्या वाण्याला कळते. खेळातल्या हुकूमशहाला मात्र देशातलं शेवटचं क्रोमियमसुद्धा पडद्यावर दिसतं. इतकी खरी आकडेवारी कुठल्या सरकारला कधी मिळाली होती, ते मला एकदा दाखवा.

दुसरी खोड अशी, की खेळात प्रत्येक टंचाई आपापल्या रकान्यात शहाण्या मुलासारखी बसते. खऱ्या टंचाया शेजारणींसारख्या असतात, एकीचं दुसरीला कळायला वेळ लागत नाही. १९४२ साली जपानने मलाया आणि जावा घेतलं आणि अमेरिकेचं रबर जवळजवळ तुटलं. अमेरिकेने काय करावं? देशभर पेट्रोलचं रेशनिंग केलं आणि गाड्यांचा वेग ताशी ३५ मैलांवर आणला. बऱ्याच भागांत पेट्रोल होतं हो! टायर नव्हते. टायर झिजू नयेत म्हणून पेट्रोल मोजून द्यायचं, हे कुठल्याही रकान्यात बसत नाही. चपला झिजतील म्हणून भाजीला पैसे कमी देणाऱ्या नवऱ्याला मात्र ते चटकन समजेल.

आणि आर्थिक दंडाची जी मोठी जात आहे, एका देशाने दुसऱ्याची नाकेबंदी करायची ती, तिच्याबद्दल तर या खेळांनी लोकांना भलताच विश्वास दिला आहे. दंड बसला की समोरचा मऊ येतो, असं समीकरण. १९४१ च्या जुलैत अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपर्यंत तेल बंद झालं. जपानचं पाचातलं चार हिस्से तेल अमेरिकेहून येत होतं. समीकरणाप्रमाणे जपानने हात जोडायला हवे होते. त्याने साठा संपायच्या आत दुसऱ्याची विहीर गाठायचं ठरवलं आणि डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब टाकले. नाकेबंदी करूच नये असं मी म्हणत नाही. पण कोपऱ्यात गाठलेली मांजर टक्केवारी वाचत बसत नाही, एवढं तरी खेळणाऱ्याला कळू द्या. हीच मुलं उद्या मतं देणार आहेत, आणि बातम्यांच्या चर्चेत ‘आठ दिवसांत गुडघ्यावर आणू’ असं कोणी ओरडलं की माना डोलावणार आहेत.

शिवाय खेळ जिंकला की दंड संपतो. पडद्यावर झेंडा फडकतो, तुतारी वाजते. ब्रिटन १९४५ साली युद्ध जिंकला. युद्धभर तिथे पावावर रेशन नव्हतं. ते आलं जिंकल्यावर, १९४६ च्या जुलैत, आणि मांसावरचं रेशन उठायला १९५४ उजाडलं. आपल्याकडे महायुद्धात आलेलं रेशन मधूनमधून उठलं, पुन्हा बसलं. हिटलर गेला, साम्राज्य गेलं, रेशनकार्ड अजून कपाटात आहे.

टंचाईची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तिला खेळात मुळी जागाच नाही. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झालं. गव्हासाठी आपण अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेलो आणि अमेरिका गहू सोडत होती हात आखडून. शास्त्रीजींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. आमच्या घरी सोमवारची रात्र ठरली. आजी अडचणीत पडली. “सोमवार मी शंकराचा आधीपासूनच करते. तो शास्त्रीजींच्या खात्यावर कसा लावू? फसवणूक होईल ती. त्यांना कोणता वार देऊ?” शेवटी तिने त्यांना गुरुवार दिला. तिच्या त्या एका वेळच्या भाकरीने देशाच्या गंगाजळीत काय भर पडली असेल, ते सोडा. पुढे १९७१ साली निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, तेव्हाही ती प्रत्येक पत्रामागे ‘हे कोणासाठी’ ते विचारून घ्यायची. दंड कोणाला बसतो आणि का, हे तिला पुरतं ठाऊक होतं. १५० राजकीय गुण मोजून हा गुरुवार विकत मिळत नाही.

यावर पुतण्याचं शेवटचं उत्तर तयार असतं : “काका, तो खेळ आहे. सगळं खरं दाखवलं तर कोण खेळेल?” पण असा खेळ आहे, आणि लोक तो खेळतात. पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओजने २०१४ साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढला. साराजेव्हो शहराला १९९२ ते १९९६ पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात तुम्ही सेनापती नसता. पडक्या घरात अडकलेली तीन-चार माणसं असता. लाकूड, पाणी, औषध, कॉफी मोजायची. एका म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न चोरून आणता येतं. पोट भरतं, पण आणणारा मान खाली घालून बसतो, त्याचं कामात लक्ष लागत नाही. हा खरा दंड! पोलंडने २०२० साली तो खेळ शाळेच्या पूरक वाचनात घ्यायचं जाहीर केलं. ज्यांच्या देशावर युद्ध येऊन गेलं त्यांना स्वयंपाकघर आठवलं, इतरांना टंगस्टन.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. रणगाडे असू द्या, क्रोमियमही असू द्या. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात एक स्वयंपाकघर काढा. डाव्या बाजूला पिठाचा डबा, त्याच्याशेजारी रॉकेलचा कॅन. खेळणाऱ्याने कायदा बदलला, नाकेबंदी केली, चढाईचे १५ गुण टाकले, की आधी त्या डब्याचं झाकण उघडेल आणि आतलं पीठ कितीवर आलं ते त्याला दिसेल. ते बघून मग त्याने खुशाल मॉस्कोवर जावं. खेळ त्यामुळे लांबेल, अशी भीती वाटत असेल तर लांबू द्या. १५०० तास लागले तर १५०० लागू द्या. तेवढ्या वेळात निम्मे सेनापती कंटाळून जेवायला उठतील, आणि जे उठणार नाहीत त्यांना निदान पास्त्याला पाणी किती लागतं ते तरी कळेल.