नव्या यंत्रावर जुनी प्रणाली

बेंगळूरुच्या टाउन हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर एस. पी. रोड आहे. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणवणाऱ्या शहराचा हा संगणक-बाजार. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या काचेच्या इमारतींत सॉफ्टवेअर घडते. त्या सॉफ्टवेअरने अडवलेला सामान्य माणूस अखेर या गल्लीत येतो. तो पुष्कळदा एक वरवर चमत्कारिक मागणी करतो. लॅपटॉप कोरा, नवा आहे. पण त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, काढून जुनी घालून द्या. कुणाला विंडोज १० हवे असते, कुणाला थेट विंडोज ७.

या मागणीला मागासलेपण समजणे सोपे आहे. पण ती करणारे कोण आहेत, ते पाहावे. शहराच्या वायव्येला पीण्या ही आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींपैकी एक वसाहत आहे. तिथले सीएनसी यंत्र किंवा मोजमापाचे उपकरण नीट निगा राखली तर वीस-पंचवीस वर्षे चालते. कर्जाचे हप्ते फिटून ते आता कुठे मालकाच्या हाती चार पैसे ठेवू लागलेले असते. त्याला आज्ञा देणारे सॉफ्टवेअर मात्र विंडोज एक्सपीच्या किंवा विंडोज ७ च्या काळात लिहिलेले असते आणि ते लिहिणारी कंपनी कधी विकली गेलेली, कधी बंद पडलेली असते. यंत्राशेजारचा संगणक एके दिवशी मान टाकतो, तेव्हा बाजारात मिळतो तो नवाच. यंत्र ठणठणीत असते, पण त्याची भाषा नव्या संगणकाला कळत नाही.

छापखान्यांची कथा वेगळी नाही. पेजमेकरची अखेरची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ मध्ये आली; पुढे ते विकसित करणेच थांबले. तरीही भारतीय भाषांतल्या कित्येक छापखान्यांचा संसार त्यावरच चालत राहिला. कन्नडमध्ये ‘नुडी’, मराठीत ‘श्रीलिपी’ अशा संचांतील युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका आणि सरकारी अहवाल आजही जुन्या फायलींत पडून आहेत. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल, तर पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांच्या ओळी उमटतात. रूपांतरक उपलब्ध आहेत; पण रूपांतरात जोडाक्षरे मोडतात आणि कुणाला तरी पानन्‌पान पुन्हा तपासावे लागते. त्या श्रमाचा मोबदला द्यायला कुणी तयार नसते.

येथे खरा प्रश्न दिसतो. यंत्राचे आयुष्य पाव शतकाचे, मजकुराचे त्याहून मोठे आणि प्रणालीचे जेमतेम दशकाचे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, २००९ च्या विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि २०१५ च्या विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ही तफावत भरून काढण्याची जबाबदारी आपण कुणावरच टाकलेली नाही. ती एस. पी. रोडवरच्या कारागिराच्या खांद्यावर आपोआप येऊन पडली आहे.

त्याचे काम सोपे नाही. विंडोज ७ च्या मूळ संचात यूएसबी ३ चे चालक-सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नाहीत. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर प्रणाली भरताना मधेच माउस आणि कीबोर्ड निर्जीव होतात. नव्या धर्तीची एनव्हीएमई साठवण त्या संचाला दिसत नाही. जुन्या बायोसची नक्कल करणारी सोय इंटेलने २०२० पर्यंत निरोपाला काढली. हे अडथळे ओलांडले, तरी ग्राफिक्स आणि वाय-फायचे ड्रायव्हर मिळत नाहीत, कारण ते कुणी लिहिलेलेच नसतात.

यातले काही अडथळे तंत्राचे आहेत, काही निव्वळ धोरणाचे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले की, यापुढच्या पिढ्यांच्या प्रोसेसरना केवळ तत्कालीन नवी प्रणालीच आधार देईल. विंडोज ७ चा आधार तेव्हा आणखी चार वर्षे चालणार होता. तरी २०१७ मध्ये नव्या प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज ७ ची अद्यतने रोखण्यात आली. ॲपलच्या संगणकावर तर तो ज्या प्रणालीसह विकला गेला, तिच्या मागे सहसा जाताच येत नाही. ‘चालत नाही’ आणि ‘चालू देणार नाही’ या दोन वाक्यांतला फरक ग्राहकाला कधीच सांगितला जात नाही.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या आरोग्यसेवेला वेठीस धरले आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही ग्रासले. बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ ची होती आणि त्यांवर उपलब्ध दुरुस्ती बसवलेली नव्हती. रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना आदेश द्यावा लागला की, एटीएम यंत्रांवरील कालबाह्य प्रणाली वर्षभरात टप्प्याटप्प्याने बदला. आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे हा केवळ स्वतःपुरता धोका नसतो. साथीच्या रोगासारखी ती शेजाऱ्यालाही बाधते.

म्हणूनच जुन्या प्रणालीचा सरसकट हक्क मागणे चूक ठरेल आणि सरसकट मनाई त्याहून चूक. मधला मार्ग तंत्रज्ञांना चांगला ठाऊक आहे. यंत्र चालवणारा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा. किंवा नव्या प्रणालीच्या पोटात जुनी प्रणाली आभासी यंत्र म्हणून चालवावी. खुद्द मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ देऊन हाच मार्ग स्वीकारला होता. मात्र हे ज्ञान आणि त्यासाठी लागणारे वैध परवाने लघुउद्योजकापर्यंत पोहोचत नाहीत. जुनी आवृत्ती वापरण्याची परवानगी नव्या विंडोजच्या ‘प्रो’ परवान्यात असते, ‘होम’मध्ये नसते, स्वस्त लॅपटॉपवर बहुधा ‘होम’च असते. मग त्याच्या वाट्याला येते ती चोरटी प्रत, आणि तिच्यात आणखी काय दडले आहे ते देवच जाणे.

युरोपने या बाबतीत आपला हात दाखवला. ग्राहक संघटनांच्या दबावानंतर तेथील घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने आणखी एक वर्ष विनामूल्य देण्याचे कंपनीने मान्य केले. इतरत्र त्यासाठी ३० डॉलर मोजा, किंवा गुण जमवा, किंवा आपल्या संगणकाच्या मांडणीची नोंद कंपनीच्या ढगात ठेवा, असे पर्याय पुढे आले. भारतीय ग्राहक या ‘इतरत्र’मध्ये मोडतो. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, गृहोपयोगी टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. लॅपटॉपचा आणि त्याच्या प्रणालीचा हक्क अजून प्रतीक्षेतच आहे.

सरकारच्या हाती मोठी काठी आहे, कारण देशातील सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी ते एक आहे. मे २०२३ मध्ये संगणक-निर्मितीच्या प्रोत्साहनासाठी १७,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. हे अनुदान घेणाऱ्याला आणि सरकारला संगणक विकणाऱ्याला दोन अटी घालता येतील. खोक्यावर स्पष्ट लिहा की, या यंत्रावर कोणत्या प्रणाली चालतील आणि त्यांना आधार कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. तसेच आधाराची मुदत संपेपर्यंत आधीच्या आवृत्तीचे ड्रायव्हर उपलब्ध ठेवा. स्वतःसाठीही सरकारने एक नियम घालून घ्यावा. मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात असावा, संकेतस्थळ एकाच आवृत्तीला बांधलेले नसावे. मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच स्वीकारले आहे. ते केवळ पाळायचे आहे. आणि लघुउद्योगांच्या मदत केंद्रांत जुन्या यंत्राचा संगणक सुरक्षितपणे विलग कसा करावा, हे दाखवणारा एक प्रशिक्षित माणूस बसवायला फार खर्च येणार नाही.

इंटेलचा सहा गाभ्यांचा ‘डनिंग्टन’ प्रोसेसर २००८ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो बेंगळूरुत रचला गेल्याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला. ज्या शहरात प्रोसेसर रचले जातात, त्याच शहरातल्या कारखानदाराला, पैसे मोजून घेतलेल्या संगणकावर काय चालावे हे ठरवता येऊ नये, यात मात्र अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. नव्याचे स्वागत करावेच. पण जुने केव्हा निवृत्त करायचे, याचा निर्णय विक्रेत्याच्या दिनदर्शिकेवर सोडणाऱ्या समाजाला स्वावलंबी म्हणवून घेता येणार नाही.