ई-इन्व्हॉइस आणि धान्याची पेढी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, बाजार समितीचा सेस, लॉरीभाडे व सभासदांचे अभिनंदन यांविषयी दरवर्षी लिहिले जाते व ते योग्यच आहे. ह्या खेपेस आम्ही एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे सभासद बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे ई-इन्व्हॉइस. हा विषय निघाला की अमरगोळच्या मार्केट यार्डात आम्हांस ठराविक उत्तर ऐकू येते. "आमचे धान्य सुटे, त्यावर जीएसटी नाही, तेव्हा ही कटकट कापडवाल्यांची आणि लोखंडवाल्यांची." हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि जे अर्धे खरे असते तेच व्यापाऱ्यास अधिक महाग पडते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १ ऑक्टोबर २०२० रोजी पाचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांस ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. पुढे १ जानेवारी २०२१ रोजी ही मर्यादा शंभर कोटींवर, १ एप्रिल २०२१ रोजी पन्नास कोटींवर, १ एप्रिल २०२२ रोजी वीस कोटींवर, १ ऑक्टोबर २०२२ रोजी दहा कोटींवर आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींवर आली. तीन वर्षांत पाचशेवरून पाचवर! ही उतरंड ज्याने पाहिली त्यास पुढची पायरी कोणती हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता उलाढाल म्हणजे काय, हा खरा मुद्दा आहे. ती केवळ करपात्र मालाची उलाढाल नव्हे. एका पॅनवर देशभर जेथे जेथे दुकान आहे तेथील सर्व विक्री, करमुक्त मालासुद्धा, तीत धरली जाते. अडत्याने आपल्या मुख्य मालकाच्या वतीने स्वतःच्या नावे केलेली विक्रीही धरावी लागते. शिवाय २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षी मर्यादा ओलांडली असेल तरी पुरे. यंदा धंदा मंदा होता ही सबब चालत नाही. हरभऱ्याचा भाव हिशेबापुरता क्विंटलला पाच हजार रुपये धरा. पाच कोटी म्हणजे दहा हजार क्विंटल. शंभर क्विंटलची एक लॉरी धरली तर वर्षास शंभर लॉऱ्या, म्हणजे आठवड्यास सरासरी दोन. आपल्या यार्डात आठवड्यास दोन लॉऱ्या भरणारा म्हणजे कोणी मोठा सावकार नव्हे, हे आम्ही सभासदांस सांगावयास नको.

सुट्या धान्यावर कर नाही व त्याच्या बिलास, म्हणजे बिल ऑफ सप्लायला, ई-इन्व्हॉइस लागत नाही, हे खरे. परंतु १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधी बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्यडाळींवर पाच टक्के कर आहे. (त्यानंतर बाजारात सव्वीस व तीस किलोंची पोती एकाएकी का वाढली, हे सर्वांस ठाऊक आहे.) सालीसकट अख्खे कडधान्य शेतमाल ठरते, पण सोललेली व भरडलेली डाळ त्या व्याख्येत बसत नाही, आणि म्हणून डाळीवरची अडत व साठवणभाडे करपात्र होते. अर्थात् ज्याची दहा कोटींची सुटी ज्वारी व हरभरा आहे आणि वर्षाकाठी केवळ काही लाखांची पाकिटबंद डाळ आहे, त्यास त्या काही लाखांच्या बिलांपुरते, खरेदीदार जीएसटी क्रमांकाचा असल्यास, ई-इन्व्हॉइस करणे भागच आहे. न केल्यास त्या कागदास कायदा इन्व्हॉइसच मानत नाही. मग नुकसान प्रथम खरेदीदाराचे होते, कारण त्याचे भरलेल्या कराचे क्रेडिट अडकते. तो पैसे रोखून धरतो, आणि नुकसान फिरून आपल्या दारी येते. आम्हांस ठाऊक असलेल्या एका पेढीचे एका गिरण्याकडील पैसे केवळ बिलावर क्यूआर नाही म्हणून दोन महिने लोंबकळले. माल चोख होता, तोल चोख होता, कागद मात्र चोख नव्हता.

ह्या पद्धतीत मोठे गूढ असे काही नाही. बिल आपण आपल्याच संगणकावर, आपल्याच टॅलीत करावयाचे. सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यात ते नोंदणी पोर्टलकडे जाते. पोर्टल विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, कागदाचा प्रकार, बिलाचा क्रमांक व आर्थिक वर्ष यांवरून चौसष्ट अक्षरांचा एक क्रमांक काढते, बिलावर स्वतःची डिजिटल सही करते व क्यूआर परत पाठविते. तेच बिल मग आपल्या मासिक विवरणात आपोआप उतरते व ई-वे बिलासही उपयोगी पडते. एका वर्षात एका क्रमांकाचे दुसरे बिल पोर्टल घेणार नाही. रद्द करावयाचे तर चोवीस तासांत, तेही पुरतेच. अर्धे रद्द होत नाही, आणि रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. चोवीस तासांनंतर क्रेडिट नोटचाच मार्ग. दहा कोटी व त्याहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांस १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत नोंद करणे बंधनकारक आहे. महिनाअखेर सारी बिले एकदम करण्याची आपल्याकडील जुनी खोड येथे चालणार नाही.

हे सर्व परके आहे असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्या आजोबांच्या हुंडीची आठवण करावी. हुंडीवर रक्कम एकदा लिहून कोणी थांबत नसे. आकड्यात लिहावयाची, अक्षरांत लिहावयाची, आणि निमे रुपये इतके, त्याचे दुप्पट पुरे इतके, असे पुन्हा बांधावयाचे, की मध्ये कोणास एक शून्य घुसडता येऊ नये. मूळ हुंडी गहाळ झाली तर पैठ, ती गेली तर परपैठ. आणि हुंडी सकारून पैसे दिले की तिचा खोका होई, ती दुसऱ्यांदा चालत नसे. ठराविक नमुना, खोट्यास आळा, एकाच कागदाचे दोनदा पैसे न होण्याची तजवीज. चौसष्ट अक्षरांचा क्रमांक ह्याहून निराळे काय करतो? हुंडी चालली ती मुंबईपासून हुबळीपर्यंत प्रत्येक पेढीस तिची भाषा एकच कळत होती म्हणून. तसेच १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले व १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली, तेव्हा मण, शेर व पायली सोडताना वडीलधाऱ्यांनी किती कुरकुर केली, हे आम्ही लहानपणी ऐकले आहे. आज यार्डात क्विंटलखेरीज बोलणारा कोणी उरला आहे काय?

आक्षेप आहेत, आणि सारेच पोकळ नाहीत. पहिला गुप्ततेचा. कोणास काय भावाने माल दिला हे ओळीओळीने सरकारी यंत्रात जाते, हे खरे आहे, आणि धान्याच्या धंद्यात भाव हीच पुंजी असते. ही माहिती कराखेरीज अन्य कामी वापरली जाऊ नये, असा आग्रह व्यापारी संघटनांनी धरलाच पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा; तो आम्हांस पटत नाही. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या पोर्टलवर नोंदणीस पैसे पडत नाहीत, विक्रेत्याची स्वतंत्र डिजिटल सही सक्तीची नाही, आणि एकगठ्ठा बिले चढविण्याचे साधन तेथेच फुकट मिळते. तिसरा आक्षेप भाषेचा. पोर्टल इंग्रजी, दिवाणजी मराठी व कन्नड शिकलेला, मालक आमच्यासारखा मॅट्रिक. ही अडचण खरी आहे व तिच्यावर इलाज शिकवणीचाच.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो आम्ही बोलतो. काहींस ही पद्धत नको ती अशासाठी की मालाविना बिल फाडणे तिच्यात अवघड होते. खोट्या बिलांवर क्रेडिट उचलण्याच्या प्रकरणांत केवळ ठग नव्हे, चांगल्या घरच्या पेढ्याही थोड्या कमिशनासाठी गुंतल्या. आपल्या श्रावकाचारात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा अतिचार नाव घेऊन सांगितला आहे. अचौर्याच्या अतिचारांत राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार व खोटी मापे एकाच पंक्तीस बसविली आहेत. पर्युषणात प्रतिक्रमण करावयाचे आणि दिवाळीपूर्वी मालाविना बिल घ्यावयाचे, हे एका घरात शोभत नाही. अर्थात् यंत्र कोणास प्रामाणिक करीत नाही. खोट्या फर्मचे बिलही नमुन्यात बसविता येते. परंतु ज्याचा व्यवहार सरळ आहे त्यास आपला सरळपणा दाखवून देण्याचे साधन मिळते, हे थोडे नव्हे.

सुरुवात कशी करावी? आमच्या मते पोर्टल उघडण्यापूर्वी पेढीचे घर आवरावे. सुट्या धान्याचे बिल ऑफ सप्लाय व पाकिटबंद मालाचे टॅक्स इन्व्हॉइस यांच्या मालिका निराळ्या ठेवाव्या. क्रमांक सोळा अक्षरांहून मोठा असू नये. गिऱ्हाइकांची यादी काढून प्रत्येकाचा जीएसटी क्रमांक, व्यापारी नाव नव्हे तर नोंदलेले नाव, आणि पिनकोड तपासून घ्यावा. आम्ही पाहिले तेथे अडलेल्या बिलांत पिनकोड व नाव हीच कारणे पुन्हा पुन्हा निघाली. पाच कोटींवर सहा अंकी एचएसएन लागतो, तो मालवार एकदाच बसवून ठेवावा. आणि सर्वांत क्षुल्लक पण सर्वांत घोटाळ्याची गोष्ट म्हणजे मोबाइल. १ एप्रिल २०२५ पासून पोर्टलमध्ये शिरताना सर्वांसच ओटीपी लागतो. कित्येक पेढ्यांचा नोंदलेला मोबाइल कर-सल्लागाराचा असतो, किंवा मालकाचा असतो आणि मालक लिलावात. माल भरून लॉरी उभी, ड्रायव्हर ओरडतो आहे आणि ओटीपी दाजीबान पेठेतील कोणाच्या खिशात! दिवाणजीच्या नावे उपवापरकर्ता काढून त्याचा मोबाइल जोडावा. मर्यादेखालच्या पेढ्यांनीही इतके आजच करून ठेवावे. त्यास कायद्याची वाट पाहावयास नको.

जग कोणत्या दिशेने चालले आहे तेही पाहावे. युरोपात २००८ मध्ये पेपोल नावाचा प्रकल्प निघाला. त्यात विक्रेत्याचे बिल ठराविक नमुन्यात एका सेवाकेंद्रातून खरेदीदाराच्या सेवाकेंद्रात थेट जाते व त्याच्या वहीत उतरते. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जपान यांनी तो मार्ग घेतला. बेल्जियमने १ जानेवारी २०२६ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील बिलांस तो सक्तीचा केला. इटलीने १ जानेवारी २०१९ पासून बहुतेक बिले सरकारी यंत्रातून नेली. आपल्या नमुन्याची मांडणीही ह्याच आंतरराष्ट्रीय धाटणीवर केलेली आहे. पण आपले पोर्टल बिल नोंदविते, खरेदीदाराच्या वहीत नेऊन पोचवीत नाही. ते आपणच व्हॉट्सॲपवर पाठवितो आणि समोरचा दिवाणजी ते पुन्हा हाताने टिपतो. हे दुहेरी लिहिणे थांबेल तेव्हाच छोट्या पेढीस ह्या खटाटोपाचा खरा लाभ होईल. तोवर कर गोळा करणाऱ्याची सोय अधिक आणि व्यापाऱ्याची कमी, असेच आम्ही म्हणू.

सबब आमची संघास सूचना अशी आहे. संघाच्या कार्यालयात एक संगणक, एक छपाई यंत्र व कॉमर्स शिकलेला एक पगारी तरुण एवढी व्यवस्था व्हावी. लिलाव आटोपल्यावर, सायंकाळी चार ते सात, ज्या सभासदांकडे माणूस नाही त्यांनी आपला कच्चा हिशेब घेऊन यावे व आपल्या ओटीपीने आपले बिल करून न्यावे. पासवर्ड मात्र संघाकडे ठेवू नये. खर्च वर्गणीतून निघाला नाही तर प्रत्येक बिलामागे थोडी आकारणी करावी. दिवाणज्यांची शिकवणी मराठी व कन्नड दोन्ही भाषांतून फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी, कारण बिलांची नवी मालिका १ एप्रिलपासून सुरू करावी लागते. हा ठराव वार्षिक सभेपुढे मांडण्यास आम्ही तयार आहोत. अनुमोदक हवा आहे.