विषाचे रिकामे डबे घरांत नकोत

पिकावर जें विष फवारावयाचें, त्यास आपण शेतकरी लोक ‘औषध’ म्हणतों. शब्द लहान खरा. परंतु त्यानें विषाची भीति मोडते, आणि जी वस्तु घराबाहेर राहावयाची ती निर्धास्तपणें घरांत येते.

आम्ही महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. विषबाधेचे कागद हातांखालून पुष्कळ गेले. त्यांतील एक विसरत नाहीं. बापानें उरलेलें औषध पाण्याच्या बाटलींत ओतून कोनाड्यांत ठेवलें होतें. चार वर्षांच्या मुलानें पाणी समजून बाटली तोंडास लावली. कागदांत कारण ‘नजरचुकीनें’ असें पडलें, व त्याची नक्कल आम्हींच केली. आज वाटतें, ती नजरचूक नव्हती. ती घरची वहिवाट होती.

कोणी म्हणेल, डबा स्वच्छ धुतल्यावर काय हरकत? हरकत अशी कीं, विष प्लॅस्टिकांत मुरतें व राखेनें घांसूनही पुरतें जात नाहीं. बिहारांत सारण जिल्ह्यांतील गंडामन येथें १६ जुलै २०१३ रोजीं शाळेंतील दुपारचें जेवण जेवून २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. तेल पूर्वीं त्याच विषाच्या डब्यांत ठेवलें असावें, असें तपास करणारांचें मत पडलें.

मोठ्या माणसास जेवढें विष सोसतें, तेवढें लहान मुलास सोसत नाहीं. त्याचें वजन थोडें. तें जमिनीवर रांगतें, हात तोंडांत घालतें, आणि विष पचवून बाहेर टाकण्याची त्याच्या यकृताची शक्ति अपुरी असते. गर्भवती स्त्रीचें तर दुहेरी आहे. अशीं कित्येक विषें वारेंतून गर्भापर्यंत पोंचतात, आणि त्याच वेळीं गर्भाचा मेंदू घडत असतो. असें असतां फवारणीचे कपडे धुण्याचें काम बहुधा घरच्या सुनेकडेच येतें, मग ती गरोदर असो वा नसो!

कायदा याबाबत मुका नाहीं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत वापरलेले डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावे असें सांगितलें आहे. परंतु कायदा स्वयंपाकघरांत येऊन पाहत नाहीं. तें काम घरच्या कर्त्या पुरुषाचें आहे. आमच्या मतें त्यानें इतकें तरी करावें. औषध मूळ डब्यांतच, कुलुपांत व राहत्या घराबाहेर ठेवावें. डबा रिकामा होतांच तीनदां विसळून तें पाणी फवारणीच्याच पंपांत घालावें व डब्यास भोंक पाडावें, म्हणजे त्यांत पुन्हां तेल कीं पाणी राहणारच नाहीं. फवारणीचे कपडे निराळे ठेवावे व ज्याचे त्यानें धुवावे.

गरीबाच्या घरीं झांकणाचा चांगला डबा टाकवत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून आमची संस्थेस सूचना आहे कीं, हंगामांत सभासदांचे रिकामे डबे तिनें गोळा करून त्यांची विल्हेवाट लावावी, आणि बदल्यांत तेला-पाण्यास योग्य असा नवा डबा अल्प किंमतींत द्यावा. खर्च फार येणार नाहीं. आणि पीक ज्यांच्यासाठीं राखावयाचें, तीं मुलेंच न राहिलीं तर पीक राखून काय उपयोग? सभासदांनीं याचा विचार करावा.