न दिसणारे सेवक

समुद्री माशांसाठी मी एक वापरलेली काचेची टाकी घेतली आणि स्वच्छतेच्या उत्साहात तिच्या अंगच्या गाळणीतील दगड नळाच्या पाण्याने घासून धुतले. आठवडाभरात मासे दगावले! माशांच्या मलातून होणाऱ्या विषारी अमोनियाचे सौम्य नायट्रेट करणारे जीवाणू त्या दगडांवरच नांदत होते; नळाच्या क्लोरिनने ते मेले. दिवे खुशाल बदलावेत. एलईडीने पाणी कमी तापते. म्हापशाच्या उन्हाळ्यात पंख्याने ते थंडही होते. मात्र आगरवाड्याच्या मिठागराप्रमाणे पाणी उडते, मीठ उरते. म्हणून भर गोड्या, क्लोरिनविरहित पाण्याचीच घालावी. गाळणी मात्र जुने दगड राखून, हळूहळूच सुधारावी. सुधारकाने जुन्यात जिवंत काय आहे, हे आधी पाहावे.