आधी आत या, सर्व्हर नंतर बदला!

२९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि अनेकांचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. भोरला इंद्रायणी तांदूळ विका, नाहीतर वेल्ह्यात तोरण्याच्या ट्रेकर्सना जेवण द्या, पण एकाच कंपनीच्या ॲपवर विसंबू नका.

मॅस्टोडॉनचे सर्व्हर वेगवेगळे लोक चालवतात. जुना सर्व्हर चालू असतानाच बदललात, तर फॉलोअर्स सोबत येतात. पोस्ट येत नाहीत. पण ‘सर्व्हर निवडा’ वाचूनच नवा माणूस मागे फिरतो. २०२३ मध्ये त्यांच्या ॲपने थेट मुख्य सर्व्हरवर खातं उघडायची सोय केली. माझ्या मते हेच बरोबर.

व्हॉट्सॲप सोडू नका. पण तुमचं खातं झालं की बचत गटातल्या दोघींना शेजारी बसवून त्यांचंही उघडून द्या. ओळखीचं कुणी असलं, की नवा माणूस टिकतो.